अख्ख्या गल्लीला अठ्ठ्याण्णव

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या खणात, करोनाच्या सर्वेक्षणाच्या दोन वह्या आहेत. त्यातल्या दुसऱ्या वहीत तलावाकडच्या गल्लीतल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव लिहिलेला आहे. अक्षर माझं आहे. त्या वेळी त्यातल्या एकाही माणसाच्या बोटाला मी यंत्र लावलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. एका माणसाला सांगावं लागलं नाही, कारण त्यांनी ते आपणहून ओळखलं होतं. ते या हिवाळ्यात वारले, आणि आता मला खरं बोलायचा धीर आला आहे. यावरून माझी लायकी काय ती समजून घ्या.

ते आमचे मुख्याध्यापक. आमच्याकडे बडे गुरुजी म्हणतात. अर्जुनी मोरगावपासून आत, धानाच्या बांध्या आणि दोन तलाव यांच्या मध्ये असलेल्या आमच्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. गेलेल्या माणसाविषयी गोड लिहायची पद्धत आहे. मला ती जमणार नाही, आणि त्यांना तर अजिबात आवडली नसती. माणूस असह्य होता. काटकुळे, उंच, नाकातोंडावरून दुपट्टा गुंडाळलेला. हा दुपट्टा रोगाच्या कितीतरी आधीपासूनचा. लोकांच्या तोंडाला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा वास येतो म्हणून ते तो बांधत, आणि समोरच्याला तसं सांगतही. पुढे सगळ्यांनाच तोंड बांधायचा हुकूम निघाला तेव्हा म्हणाले, "चला. गावाले अक्कल आली, पण हुकूम निंगाल्यावर."

वर्गात पोरांसमोर मला "मास्तर, तुह्यापेक्षा हा फळा बरा, त्याच्यावर लिहिलेलं तरी राहते," असं म्हणणारे तेच. वरून आलेल्या परिपत्रकातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून ते परिपत्रक साहेबाकडे परत पाठवणारेही तेच. साहेब चिडायचे, आम्ही इतर मास्तर मागे हसायचो, आणि पुढच्या परिपत्रकात त्याच चुका यायच्या.

मग रोग आला, आणि त्याच्यासोबत 'लाट' हा शब्द. या शब्दावर त्यांचा विशेष राग. प्रत्येक कागदावर 'लाट' खोडून ते वर 'पाणी' लिहीत. पहिलं पाणी, दुसरं पाणी. एकदा साहेबाने फोन करून विचारलं, हा काय प्रकार आहे. मी समोरच बसलो होतो.

"साहेब, तुमी समुद्र पाह्यला?"

साहेब पाहिला म्हणाले असावेत.

"मी नाई पाह्यला. माह्या गावात कोनीच नाई पाह्यला. आमाले तलाव मालूम आहे. लाट म्हटलं का लोक काठावर बसून ते ओसराची वाट पाहतेत. तलावाची पार फुटली म्हटलं का फावडे घेऊन धावतेत. तुमाले लोक बसून पाहिजे का धावून पाहिजे, ते सांगा."

साहेबाने फोन ठेवला. बडे गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बसून पाहिजे त्यायले."

पहिल्या पाण्याच्या वेळी आमच्या गावात रोग नव्हता, पण शूर माणसं पुष्कळ होती. वेशीवर बांबू आडवा बांधला आणि त्याच्याशी दहा जण पाळी लावून बसले. बाहेरगावचा माणूस दिसला की काठ्या घेऊन उठायचे. बसल्या बसल्या एकाच पन्नीतला खर्रा दहाही जण चिमटीने खायचे. बडे गुरुजी रोज सकाळी सायकल थांबवून त्यांना विचारत, "रोग आला का?"

"नाई, गुरुजी. आमी बसलो आहोत ना."

"बसा. आला तर त्यालेबी एक चिमूट द्या."

हैदराबादकडून आलेली आमच्याच गावची चौदा माणसं, सडक अर्जुनीला ट्रकमधून उतरून पायी आलेली, त्या बांबूने अडवली. त्यांना शाळेत ठेवायचं ठरलं. गावाने शाळेकडे फिरकणं सोडलं. त्यांना भात शिजवून घालायला तयार झाली ती एकटी पारबताबाई, आमच्या शाळेचा पोषण आहार शिजवणारी बाई. विधवा, एक मुलगी, वनिता. बडे गुरुजी आणि पारबताबाई यांचं रोजचं भांडण सगळ्या शाळेला पाठ होतं.

"पारबता, हे वरण आहे का तलावाचं पाणी?"

"तलावात मासोळी तरी राहते, गुरुजी. तुमी मले दाळ किती देता ते सांगा पोरायले."

त्या चौदा दिवसांत तिला रस्त्यावरून जाताना लोक दारं लावून घ्यायचे. ती म्हणायची, "बरं आहे. कुत्रेबी भुकत नाई आता." बडे गुरुजी तिला एक शब्द चांगलं बोलले असतील तर मी ऐकला नाही. पण ते चौदा दिवस त्यांनी तिच्या हातचं वरण शाळेच्या ओट्यावर बसून, सगळ्यांना दिसेल असं, खाल्लं. आणि त्यालाही नावं ठेवली.

पोळ्याच्या आसपास घरोघर सर्वेक्षणाचं काम मास्तरांवर आलं. ताप मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचं ते यंत्र. गावात त्याला चिमटा म्हणत. गाव आम्ही वाटून घेतलं आणि तलावाकडची गल्ली माझ्याकडे आली. बडे गुरुजींची मोजायची पद्धत अशी: दार वाजवायचं, मग मोठ्याने एक ते शंभर म्हणायचं. शंभरापर्यंत कोणी आलं नाही तर पुन्हा वाजवायचं आणि पुन्हा शंभर. भर उन्हात बंद दारासमोर उभं राहून पाढे म्हटल्यासारखे अंक म्हणणारा तो दुपट्टेवाला म्हातारा पाहून पोरं खिदळायची. मीही पानठेल्यावर त्यांची नक्कल केली आहे. चांगली जमायची मला.

"शंभर कायले, गुरुजी?" मी एकदा विचारलं.

"म्हातारं मानूस खाटेवरून उठून, लुगडं सावरून दारापर्यंत येते तं तेवढे लागतेत. तुले घाई असन तं पन्नास मोज. अर्धे तरी सापडतीन."

मी पहिल्या तीन घरांत मोजलं. तिन्ही ठिकाणी अठ्ठ्याण्णव आला. बाकीच्या गल्लीत मी पानठेल्यावर बसून, नावं विचारून, अठ्ठ्याण्णव लिहिला. कोणी मेलं नाही. तालुक्याला कार्यक्रम झाला आणि मला 'कोविड योद्धा' असं छापलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. बायकोने ते फ्रेम करून पाहुणे बसतात त्या खोलीत लावलं. बडे गुरुजींना मिळालं नाही, कारण त्यांनी आपली वही वेळेवर दिलीच नव्हती. त्यांची चार घरं उघडायची राहिली होती.

दुसरं पाणी मोहफुलांच्या दिवसांत आलं. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे चैत्रात पहाटे अख्खं घर टोपल्या घेऊन जंगलात जातं, मोहफूल वेचायला. दारं बंद. उन्हं चढली की परततात. त्या दिवसांत अंग तापलं, डोकं दुखलं, पाय गळाले तर त्याला एकच नाव असतं: ऊन लागलं. कैरीचं पन्हं प्यायचं, खिशात कांदा ठेवायचा, दोन दिवस निजायचं. त्या वर्षी निम्म्या गावाला ऊन लागलं होतं. कोणालाच वास येत नव्हता, आणि मोहाच्या दिवसांत ज्याला मोहाचा वास येत नाही त्याला काय झालंय हे कोणी विचारत नव्हतं. वेशीवरचा बांबू तोवर कोणीतरी मांडवाला नेला होता.

बडे गुरुजी म्हणायचे, "पहिल्या पाण्यात हे लोक मले इचारत, गुरुजी, मी मरन का? कोनालेच काई झालं नोतं. आता अर्धे खाटेवर आहेत अन् इचारतेत, गुरुजी, मोहाचा भाव काय?"

आणि मी? मी भ्यालो होतो. माझ्या साळ्याला गोंदियात खाट मिळाली नव्हती, मिळाली तेव्हा उशीर झाला होता. घरी दोन मुलं. सर्वेक्षणाचा हुकूम पुन्हा आला तेव्हा मी तलावाकडच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो, निंबाखाली स्कूटर उभी केली आणि पाहिलं. सगळी दारं बंद. सकाळचे दहा वाजले होते. मनात म्हटलं, सगळे जंगलात. एकही दार वाजवलं नाही. घरी येऊन पहिली वही काढली आणि ती दुसऱ्या वहीत उतरवली. नाव, वय, ताप नाही, खोकला नाही, अठ्ठ्याण्णव. पंख्याखाली बसून, सुवाच्य अक्षरात.

पारबताबाई त्या दिवशी जंगलात गेली नव्हती. ती त्या बंद दारांपैकी एका दारामागे पडली होती. शाळा बंद असल्याने तिला रोज पाहणारं कोणी उरलं नव्हतं. शेजारणीला तिने सांगितलं होतं, ऊन लागलं म्हणून. शेजारीण पहाटे टोपली घेऊन जायची, तिला वाटायचं पारबता निजली आहे.

दोन दिवसांनी बडे गुरुजी तिच्याकडे गेले. ती गल्ली त्यांची नव्हती, माझी होती. ते कशाला गेले हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी वरणाचंच काहीतरी सांगितलं असतं. दार वाजवून त्यांनी मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या शंभरात आत भांडं पडल्याचा आवाज आला. त्यांनी दार ढकललं. त्यांच्या चिमट्यात आकडा एकाहत्तर होता. तो आकडा त्यांनी मला सांगितला, बाकी काही नाही.

गाडी मिळेना. गावात चार चारचाक्या, चौघांच्याही गाड्यांत पेट्रोल नव्हतं. शेवटी एका वीटभट्टीवाल्याचा छोटा टेम्पो त्यांनी आणला. तिला मागे गादीवर घालून, स्वतः तिच्याजवळ बसून, आधी तालुक्याला आणि तिथून गोंदियाला नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "गुरुजी, दो दिन पहले लाते तो कुछ कर लेते." पारबताबाई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. देह गावात आला नाही.

गावाचा हिशेब साधा होता. बाई घरात होती तोवर जिवंत होती. गुरुजीने नेली, म्हणून मेली. पहिल्या पाण्यापासून लोकांना एवढंच कळलं होतं, की दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही.

तिसऱ्या दिवशी वनिता अंगणात बसली होती. माघात लग्न होऊन ती चिचगडला गेली होती. आईला शेवटचं पाहायलाही मिळालं नव्हतं. पंधरा-वीस माणसं, बडे गुरुजी भिंतीला टेकून उभे, आणि मी. कोणीतरी म्हणालं, तिले न्याच्या दोन दिवसांआधीच तं सर्वे झाला, तवा कोनी आजारी नोतं. वनिताने मान वर केली आणि मला विचारलं. मी तिला चौथीत शिकवलं होतं.

"सर, माह्या आईचा तुमी मोजला होता?"

मी म्हणालो, "हो."

"किती होता?"

"अठ्ठ्याण्णव."

ती बडे गुरुजींकडे वळली. "मंग तुमी तिले कायले नेली?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होती. बडे गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. दुपट्ट्यामुळे फक्त डोळे दिसत होते. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी सायकल घेतली आणि गेले. त्यांच्या मागे एक म्हातारी म्हणाली, "चांगली बाई मारली मेल्यानं." आणि मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. मास्तर लोकांना येते तशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत बोलावलं. टेबलावर दोन्ही वह्या उघड्या, शेजारी शेजारी.

"हे पाह्य. हे पहिलं पाणी, हे दुसरं. लोक म्हणतेत, दोनी पाण्यात फरक काय? माह्या मास्तराच्या वहीत काईच फरक नाई." त्यांनी बोट ठेवलं. "हा रामाजीचा बाप. दिवाळीत मेला. चैतात अठ्ठ्याण्णव. मेल्यावर तब्येत सुधारली त्याची." बोट खाली सरकलं. "अन् हे वनिता. पोरगी चिचगडले नांदून राहिली, अन् तिचा ऑक्सिजन इकडं मोजून राहिला तू. चिमटा भलताच लांब आहे तुहा."

मी खाली पाहत होतो. म्हणालो, "गुरुजी, मी घाबरलो होतो."

"ते दिसते. घाबरलेला मानूस कोरं सोडते. तू अठ्ठ्याण्णव लिहिला."

"मग काल तुम्ही बोलला का नाहीत?"

"काऊन बोलू? पोरीची माय मेली, अन् तिच्या अंगनात आपन दोन मास्तर भांडू? तू सांग तिले. वही घेऊन जा. तिचंच नाव आहे त्याच्यात, तिले लगेच समजन."

"सांगतो."

"तुह्यावर रिपोर्ट नाई करत. केला तं तुले दुसऱ्या गावी देतीन, अन् तिथंबी अठ्ठ्याण्णवच लिहशीन. तू जा अन् सांग. मी कोनाले सांगनार नाई."

ही दया नव्हती. मला तेव्हा ती वाटली आणि मी सुटकेचा श्वास टाकला, ही माझी आणखी एक चूक. ते फक्त काम माझ्याकडे सोपवून मोकळे झाले होते, जसे ते कोणतंही काम सोपवत: शेवटपर्यंत विचारत राहायचं आणि स्वतः करायचं नाही. त्यानंतर आठवड्यातून एकदा, हजेरीवर सही करताना, मान वर न करता विचारायचे, "गेला होता चिचगडले?"

"नाही, गुरुजी. या रविवारी जाईन."

"बरं."

रविवार पुष्कळ झाले. देवरीला निवडणुकीच्या प्रशिक्षणाला मी दोनदा जाऊन आलो. तिथून चिचगड किती दूर आहे हे मी कंडक्टरला विचारलंही. त्याने सांगितलं, आणि मी परतीचं तिकीट काढलं.

तिसरं पाणी थंडीत आलं आणि आमच्या गावाला ते कळलंसुद्धा नाही. घरोघर सर्दी. लोक मला विचारत, सर, लशीचं सर्टिफिकेट मोबाईलवर येते का. पुन्हा सर्वेक्षण निघालं. या वेळी मी प्रत्येक दार वाजवलं, प्रत्येक बोटाला चिमटा लावला. प्रत्येक घराने मला चहा दिला, काहींनी पोहे. बडे गुरुजी आपल्या गल्लीत दारं वाजवून शंभर मोजत उभे राहत. आत माणसं होती, बोलण्याचा आवाज बाहेर यायचा. दार उघडत नव्हतं. एका घरातून बाई म्हणाली, मला रस्त्यावर ऐकू आलं, "गप राह्य रे पोरा, तो आला आहे, घेऊन जाते." ते शंभर पूर्ण करायचे, वहीत 'दार उघडले नाही' असं लिहायचे आणि पुढच्या दाराशी जायचे. मी दोन घरं मागे, हातात चहाचा कप. तिथं ओरडून सांगायला मला फार तर एक मिनिट लागलं असतं.

निवृत्तीच्या वेळी गावातून कोणी आलं नाही. सरपंचाने शाल पाठवली, स्वतःला बाहेरगावी काम निघालं. आम्ही चार मास्तर आणि खिचडीवर नव्याने आलेली बाई. भाषण मी केलं. कर्तव्यनिष्ठा, शिस्त, पहाडासारखा माणूस, असं सगळं बोललो. बोलताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्यांनी नारळ काखेत घेतला, दुपट्टा नीट केला आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "भाषन चांगलं झालं. अठ्ठ्याण्णव."

पुढे ते आपल्या गावी, सडक अर्जुनीच्या बाजूला, राहायला गेले. बाजारात वर्षातून दोन-तीनदा भेटत. भाजीची पिशवी सायकलला अडकवून, आजूबाजूला माणसं असली तरी, तोच प्रश्न. मी त्यांना दुरून पाहून रस्ता बदलायला शिकलो. शेवटच्या वेळी बदलता आला नाही. ते फार वाळले होते. मी त्यांनी विचारायच्या आतच म्हणालो, "नाही गेलो, गुरुजी."

ते म्हणाले, "मले मालूम आहे. पन पोरगी मले अजून शिव्या देऊन राहिली असन ना, त्याचं मले काई नाई. तिले वाटते का घरी ठेवली असती तं माय वाचली असती. उद्या तिचं लेकरू तापलं, तं ते दवाखान्यात नेईन का?"

त्यांनी मेथीच्या जुडीचा भाव केला, भाजीवालीला "हे मेथी आहे का तणस?" म्हणाले आणि सायकल लोटत निघून गेले. तोवर मला वाटत होतं, हा माणूस आपल्या नावासाठी माझ्या मागे लागला आहे. इतक्या वर्षांत त्यांच्याविषयी मला एवढंच समजलं होतं.

या हिवाळ्यात ते गेले. झोपेत गेले, असं कळलं. मी तेरवीला गेलो, पंगतीत बसलो, पातळभाजी दोनदा मागून घेतली. त्यांच्या मुलाने मला बाजूला बोलावून विचारलं, "सर, त्या गावचे लोक बाबांवर एवढे काऊन नाराज होते?" मी म्हणालो, "स्वभाव कडक होता ना." त्याने मान हलवली. त्याला ते पटलं.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मी समजत नाही. हे छापून येईल, ओळखीचे दोघे-चौघे वाचतील, धीट म्हणून पाठ थोपटतील. चिचगडला ते पोचणार नाही, आणि पोचलं तरी ते मी सांगणं नव्हे. वनिताला दोन वर्षांचा मुलगा आहे, असं कळलं. तिच्या दारात जाऊन, वही तिच्यापुढे धरून मला तिला सांगायचं आहे की तिच्या आईचा ऑक्सिजन मी मोजला नव्हता, आणि बडे गुरुजींनी तिला नेलं ते बरोबर होतं. उशीर त्यांनी केला नाही, मी केला. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.